सासऱ्यातला ऱ

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही. देवापुढं दिवा लावताना दोन-तीनदा ओठावर आलं होतं, पण त्याला माहीतच असेल म्हणून तिथंही गिळलं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतो — आणि तरी सरळ सांगता येईना बघा. आधी मला माझा राग सांगू द्या. रागावरूनच पुढं जाता येईल मला, दुसरी वाट दिसत नाही.

राग आमच्या गावच्या व्हॉलीबॉल संघाचा.

गाव सोनपेठच्या अंगाला, गोदावरीपासून जवळच. तिथल्या शाळेत मी पोरांना मराठी शिकवलं आणि तिथंच निवृत्त झालो. स्वतः कधी खेळलो नाही, पण संघावर जीव. संघाचे कपडे, नेट, चेंडू, सगळं माझ्या घरच्या कपाटात असायचं. दरवर्षी गावच्या यात्रेत सामने भरतात. आता तुम्हीच सांगा, आपल्याच गावात, आपल्याच यात्रेत, दरवर्षी हरायचं म्हणजे काय असतं? मैदान आमचं. चुन्याच्या रेघा मारणारे आम्ही, नेट बांधणारे आम्ही, बाहेरगावच्या संघांना पुरी-भाजी वाढणारे आम्ही. आणि ढाल? ढाल टेम्पोत बसून दुसऱ्याच्या गावाला. वर गुलाल आमच्याच दुकानातून घ्यायचे, आमच्याच चौकात उधळायचे, आणि जाता जाता मला विचारायचे — सर, तुमचा संघ औंदा कुठपर्यंत गेला? कुठपर्यंत जाणार बाबा, मैदानापासून घरापर्यंत गेला.

कारणं ऐकाल तर कपाळ बडवून घ्याल. सराव म्हटलं की एकाच्या उसाला पाणी असायचं, दुसऱ्याच्या चुलत्याकडं हळद. सहाजण जमले की चेंडूत हवा नसायची. हवा भरली की पंप परत द्यायला गेलेला तासभर गायब. चेंडू आपल्याकडं आला की ‘माझा’ म्हणून ओरडायचं आणि तो घ्यायचा, एवढा साधा नियम. आमच्याकडं चेंडू वर असताना चौघं ओरडायचे, माझा, माझा — आणि खाली आला की चौघंही बाजूला. मी रेघेबाहेर उभा राहून घसा फोडून घ्यायचो. एकदा तर चप्पल भिरकावली होती मैदानात, मराठीच्या मास्तरनं. तुम्ही हसाल. पण मला तेव्हा हसू येत नव्हतं आणि आजही येत नाही. गावाची नामुष्की होत होती आणि ती पोरं टपरीवर तंबाखू मळत बसायची.

त्यातला एकच खेळाडू खेळाडूसारखा होता. भास्कर. पाचवीपासून माझ्या हाताखाली शिकलेला. उंच, बोलायला कमी, नेटजवळ दोन्ही हात वर करून उडाला की समोरच्याचा चेंडू भिंतीला लागल्यासारखा परत जायचा. अभ्यासात बेताचा, पण सांगितलेलं ऐकायचा. माझ्या दोन गोष्टी साऱ्या पोरांना पाठ होत्या. एक — ज्याचं चुकलं त्यानं आपण होऊन हात वर करायचा, मी मारणार नाही. आणि दुसरी — ऱ. त्या ऱ वरून मी पोरांना लय छळलं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. सूर्यावर रफार असतो, सासऱ्यावर नसतो, सासऱ्याचा र कोयत्यासारखा वाकडा, य च्या पोटाला टेकलेला. आमच्या अख्ख्या गावात एकाही दुकानाच्या पाटीवर हा ऱ नीट सापडणार नाही. भास्करकडून मी तो पन्नास वेळा लिहून घेतला होता. पुढं कधी चुकला नाही.

भास्करची सासुरवाडी चुडाव्याकडची. त्याची बायको रेखा त्या गावची, आणि त्या गावचा संघ म्हणजे आमच्या यात्रेतला दरवर्षीचा दादा. रेखाचा धाकटा भाऊ त्या संघात चेंडू मारायला. हे सगळं गावाला माहीत होतं. दरवर्षी त्यावरून चेष्टा चालायची, रेखाचे वडील मांडवात पहिल्या रांगेत बसून दोन्हीकडून टाळ्या वाजवायचे. त्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट मी आणलं.

नऊ वर्षं झाली. त्या साली कसं कोण जाणे, आमचा संघ अंतिम सामन्यात गेला. गावानं भाकरी टाकून मैदान गाठलं. समोर भास्करची सासुरवाडी. एक डाव त्यांचा, एक आमचा. तिसरा डाव पंधराचा, आणि दोन्हीकडं चौदा-चौदा. मी रेघेला उभा होतो. भास्करच्या मेव्हण्यानं उडी घेऊन चेंडू हाणला. चेंडू भास्करच्या हातांच्या वरून गेला आणि पार मागं, रेघेबाहेर पडला. पंचानं आमच्याकडं हात दाखवला. पंधरा-चौदा. मांडव नुसता उसळला. दोन गुणांच्या फरकानं जिंकायचं, म्हणजे एक गुण राहिला होता. एवढ्या वर्षांनी एकच गुण!

आणि भास्करनं हात वर केला.

बोटाला लागला म्हणाला. चेंडू बाहेर जाताना त्याच्या बोटाला घासून गेला, म्हणजे गुण त्यांचा. आता कोणी विचारलं होतं का त्याला? पंचाला दिसलं नव्हतं, रेघेवरच्या माणसाला दिसलं नव्हतं, मारणारा मेव्हणा स्वतः डोक्याला हात लावून खाली बसला होता. कोणाला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. पंचानं गुण फिरवला. पुढच्याच सर्व्हिसचा चेंडू आमच्या मागच्या दोघांच्या मधोमध पडला. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे, माझा म्हणायला कोणी तयार नाही. सामना गेला. ढाल गेली, टेम्पोत बसून.

मला काय झालं होतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही — नाही, सांगतो, सांगायलाच बसलोय. अंगाचा तिळपापड झाला होता. एवढा इमानदार होता तर भजनी मंडळात जायचं होतं, नेटजवळ कशाला उभा राहिला? गावापेक्षा तुझं बोट मोठं का रे? असं मनात चाललेलं. शाळेत हात वर करायला मीच शिकवलं होतं, हे त्या घडीला आठवलं नाही. की आठवलं होतं आणि म्हणूनच जास्त राग आला?

बक्षीस वाटायला सगळे देवळापुढं जमले. मी गेलो नाही. यष्टीच्या थांब्यावर ग्रामपंचायतीचा एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी मी सुविचार लिहायचो, गाव माझं अक्षर ओळखायचं. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. दिवस मावळायला आलेला. खिशात खडू होताच, मास्तरच्या खिशात असतोच. मी खडू डाव्या हातात घेतला. कळलं ना तुम्हाला, डाव्या हातात का?

वेड्यावाकड्या अक्षरांत मी लिहिलं — जावयाने सासऱ्याला सामना आहेर केला.

एवढंच. एक ओळ. लिहून झाल्यावर हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो. घरी जाऊन मी पोटभर जेवलो.

सकाळी थांब्यावर ही गर्दी. लोक वाचायलेत, हसायलेत, मोबाईलवर फोटो काढायलेत. मी पोचलो आणि काय केलं असेल? गर्दीत शिरून ओरडायला लागलो. कोणाचं काम आहे हे, लाज वाटत नाही का, खेळणाऱ्या पोराच्या घरापर्यंत जाता? माझा आवाज खरोखर थरथरत होता. लोकांना वाटलं, सरांना पोराची किती माया. मी रुमाल काढला आणि पुसायला हात उचलला, तेवढ्यात भास्कर आला.

गर्दी बाजूला झाली. तो फळ्यापुढं उभा राहिला आणि वाचत राहिला. एका ओळीला किती वेळ लागतो? मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, “राहू द्या सर. शुद्धलेखन तर बरोबर हाय.”

लोक हसले. त्यांना वाटलं, भास्कर चेष्टेवारी नेतोय. मी फळ्याकडं पाहिलं. सगळी अक्षरं वाकडी, काना एकीकडं, मात्रा एकीकडं. आणि मधे तो ऱ. कोयत्यासारखा, य च्या पोटाला नेमका टेकलेला. डाव्या हातालाही तो चुकवता आला नव्हता. मी रुमालानं फळा पुसला, पुसताना बोटं पांढरी झाली, आणि भास्कर तिथून निघून गेला.

फळा पुसून काय होतं? फोटो घरोघर गेले. गावानं भास्करचं नावच आहेर ठेवलं. पोरं-सोरं मागून ओरडायची. रेखा पाण्याला गेली की बायका विचारायच्या, का गं, पोचला का आहेर माहेरी? पुढं तिच्या भावाचं लग्न झालं, ती साडी-चोळीची पिशवी घेऊन यष्टीत चढली, तर थांब्यावर कोणीतरी म्हणालं, अजून एक निघाला. ती पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. मी हे ऐकीव सांगत नाही, मी तिथंच बाकावर बसलो होतो. तिचे वडील त्यानंतर कधी यात्रेला आले नाहीत. पहिल्या रांगेतली ती खुर्ची दुसऱ्या कोणीतरी धरली.

भास्कर सामन्यानंतर आठ दिवसांनी माझ्या घरी आला. संघाचा कपडा धुऊन, घडी घालून आणला होता, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या वर ठेवलेल्या. म्हणाला, “ठेवून घ्या सर, आता माझ्यानं व्हायचं न्हाई.” बस, एवढंच म्हणाला. माझा एक शब्द पुरला असता. मी कपडे हातात घेतले आणि कपाटात ठेवले. आमच्या हिनं त्याला चहा दिला, तो त्यानं पूर्ण घेतला.

त्यानंतर आमचा संघ? तुम्हाला काय वाटतं? एकाच माणसावर उभा होता, तो गेला. आता पहिल्या फेरीतसुद्धा जीव राहिला नाही. मी अजून रेघेला उभा राहतो, अजून शिव्या देतो, निष्ठा नाही म्हणतो, गावाची कोणाला पडलेली नाही म्हणतो. मागच्या यात्रेत सामने भरवणाऱ्या मंडळानं मला शाल आणि नारळ दिला. माईकवर म्हणाले, संघाचा सच्चा पाठीराखा. मी शाल घेतली, अंगावर नीट ओढून घेतली, फोटोला उभा राहिलो. खाली गर्दीत भास्कर टाळ्या वाजवत होता.

अजून एक राहिलं. मला वाटलं होतं हे सांगायचं टळेल. तो शेवटचा चेंडू ज्या दोघांच्या मधे पडला ना, त्यातला एक माझा मुलगा. चेंडू त्याच्याच अंगावर होता. मला स्वच्छ दिसलं होतं, रेघेवर माझ्यापुढं दहा पावलांवर पडला. गुण फिरल्यावरही सामना हातातून गेला नव्हता, तो त्या चेंडूनं गेला. दुसऱ्या दिवशी गाव विचारणार होतं, चेंडू कोणाचा होता? ते कोणी विचारलंच नाही. फळ्यावर वाचायला त्यांना दुसरं मिळालं होतं. तेव्हा राग गावासाठी होता, खेळासाठी होता, असं जे मी वर एवढं लांबण लावून सांगितलं, त्यातलं किती खरं धरायचं ते तुम्ही बघा. लिहिताना माझ्या डोक्यात पोराचं नाव होतं. लिहिलं भास्करचं.

भास्कर आता पिठाची गिरणी चालवतो. गावात एकच आहे, त्यामुळं जावंच लागतं. मी डबा घेऊन गेलो की तो उठून उभा राहतो, सर म्हणतो, बाकीचे थांबलेले असले तरी माझी ज्वारी आधी घेतो. नऊ वर्षांत त्यानं माझ्यापाशी फळ्याचं नाव काढलेलं नाही. रेखाला सांगितलंय का, माहीत नाही. ती मला पाहून पदर सावरते, पूर्वीसारखीच. स्वतःच्या बोटाला लागलेलं त्यानं भर मैदानात सांगितलं. माझ्या बोटांचं त्यानं कुणाला सांगितलं नाही.

गिरणीत डबे सारखे दिसतात, अदलाबदल होते, म्हणून दाराच्या आत त्यानं खडूनं एक ओळ लिहून ठेवली आहे. पुसट झाली की पुन्हा लिहितो. ‘दळण नेणाऱ्याने आपला डबा ओळखून न्यावा.’ त्यातला ऱ बरोबर आहे. मी दर आठवड्याला ती ओळ वाचतो, माझा डबा उचलतो आणि घरी येतो.