पंगत पुसली

आमच्या पांढुर्ण्यात घरात कोणी गेलं की दोन-तीन दिवसांनी त्या घरचा एखादा माणूस स्टेशन रोडवर येतो. आधी मृणाल फोटो स्टुडिओत शिरतो आणि मग शेजारी माझ्याकडे. स्टुडिओ वसंत कलंबे यांचा, फ्रेमचं दुकान माझं. फोटो ते काढून देतात, काच आणि चौकट मी बसवते. गेली कित्येक वर्षं या गावची गेलेली माणसं आम्ही दोघं मिळून भिंतीवर चढवतो आहोत. काही लोक रस्त्यात आम्हाला पाहून जरा घाईनंच पुढे जातात, त्याचं मला काही वाटत नाही.

तेरवीला लागेल म्हणून जिवंतपणी कोणी फोटो काढून ठेवत नाही. त्यातून म्हातारी माणसं, शेतावर राबणारी माणसं, बायका, यांचा धड फोटो घरात सापडेल तर शपथ. मग वसंतभाऊ एकच गोष्ट विचारायचे, "कोणाच्या लग्नात गेले होते का ते?" लग्न सौंसरचं असो की लोधीखेड्याचं, ते आपल्या शूटिंगमधून पंगत काढायचे, पानावर बसलेल्या रांगेत तो माणूस शोधायचे, तोंडात घास नसलेला क्षण धरायचे, शेजारच्याचा खांदा कापायचे आणि मागे निळं आभाळ टाकायचे. माझ्याकडून गेलेल्या निम्म्या तसबिरींतली माणसं खरं म्हणजे कोणाच्या तरी लग्नात वरण-भात जेवत होती. घरच्यांनाही ते ठाऊक असायचं. "बाबा बुंदी खाऊन राहिले होते," असं म्हणून एक पोरगी माझ्या काउंटरवर हसली आणि मग तिथंच बसून रडली.

हे जमायचं, कारण वसंतभाऊ काहीही पुसत नसत. हा माणूस पार्सलची सुतळीसुद्धा गुंडाळून खिशात ठेवणारा. पूर्वी त्यांच्या कपाटात हार्ड डिस्का रचलेल्या असायच्या. एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि त्यातली एक कायमची बसली. तेव्हा नागपूरला नोकरी करणारा त्यांचा भाचा पंकज आला आणि त्यानं एका कंपनीचा प्लॅन घेऊन दिला. दर महिन्याला वर्गणी भरायची आणि सगळं इंटरनेटवर ठेवायचं.

"कितीही टाका मामा, भरतच नाई. अनलिमिटेड आहे," तो म्हणाला.

त्या दिवसापासून वसंतभाऊंची मान ताठ झाली. गिऱ्हाईक आलं की बोट छताकडे करून सांगायचे, आता आपलं सारं गाव वर ठेवलं आहे. मी विचारलं, "वर म्हणजे कुठं?" ते म्हणाले, "क्लाउड म्हणते त्याले वहिनी, ढग." मी म्हटलं, "आन ढग फुटला तर?" ते हसले. जुन्या डिस्का पुसून त्यांनी नव्या लग्नांना वापरायला घेतल्या. घरची कोठी रिकामी करून माणूस दुसऱ्याच्या कोठीत धान्य ठेवतो का? पण माझं ऐकतो कोण, मी तर फ्रेमवाली.

गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत त्यांच्या कॉम्प्युटरवरून नवं शूटिंग वर जाईना. दोन दिवस ते वायरी काढून पुन्हा लावत बसले. मग पंकजला स्पीकरवर फोन केला. मी तिथंच उभी होते. कंपनीनं तो प्लॅनच बंद केला होता. यापुढे अनलिमिटेड कोणालाच मिळणार नव्हतं. ठरलेल्या मापात सामान बसवा, नाहीतर मुदत संपली की आम्हीच पुसू, असं कळवणारे मेल महिनोन् महिने येत होते. वसंतभाऊ इंग्रजी मेल जाहिरात समजून सोडून देत.

"त्यांले सांग ना, मी वर्गणी भरून राहिलो," वसंतभाऊ फोनवर म्हणाले.

"सगळेच भरून राहिले होते मामा," पंकज म्हणाला.

आधी अमर्याद म्हणून विकायचं आणि लोकांनी आपलं सगळं नेऊन टाकलं की माप लावायचं, याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

त्यांनी खाली उतरवायचा प्रयत्न केला. एक लग्न उतरायला रात्र जायची. मध्येच लाइट जायची की पुन्हा पहिल्यापासून. त्यात नालीच्या कामात कोणीतरी इंटरनेटची वायर तोडली आणि आठवडा तसाच गेला. सगळं मावेल एवढ्या डिस्का घ्यायच्या तर दुकानच विकावं लागलं असतं. शेवटी पंकज एका रविवारी आला, मामाच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मामा, लोक जे मागाले येतात तेवढंच ठेवा. बाकी काढा."

लोक काय मागायला येतात? वरमाला, फेरे, बिदाई. स्टेजवरचे फोटो. पंगत मागायला कोणी येत नाही. स्वयंपाकाचा मांडव तर नाहीच नाही. आणि पंगत होती सगळ्यात लांब, कारण वसंतभाऊंना पंगतीचं शूटिंग करायची हौस. नवऱ्या मुलापेक्षा ते जिलेबीवर जास्त वेळ थांबायचे.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ते पुसत होते. मला राहवलं नाही. "वसंतभाऊ, माझी माणसं पंगतीतूनच तर येतात. पंगत पुसली तर मी चौकटीत का बसवू, वरमाला?"

"मेलेले सारे मी काढून ठेवले वहिनी," ते म्हणाले. "ज्याचे ज्याचे फोटो आपण केले, त्या साऱ्या पंगती आठवून आठवून वेगळ्या ठेवल्या."

"त्यांच्या तर तसबिरी झाल्या. ते भिंतीवर आहेत. जे अजून जिवंत आहेत त्यांचं का?"

ते म्हणाले, "जिवंत माणसाचा तेरवीचा फोटो जपून ठेवू का मी? असं अभद्र का बोलता?"

आमच्याकडे जिवंत माणसाच्या मरणाची तयारी करणं हे पाप. म्हणून या भल्या माणसानं मेलेल्यांना दुसऱ्यांदा वाचवलं आणि जिवंतांना पुसून टाकलं. पहिल्या दिवशी ते एकेक पंगत चालवून बघायचे, कोणाला तरी ओळखायचे, "हे पाहा, तुमच्या जेठानी," म्हणून मला हाक मारायचे. नंतर मुदत जवळ आली. मग नुसतंच बटण दाबत गेले. जामसांवलीला एका मोठ्या घरचं लग्न झालं होतं, तिथली पंगत दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उठत-बसत होती. ती एका झटक्यात गेली. त्या संध्याकाळी त्यांनी शटर लवकर ओढलं.

दिवाळीनंतर सुधाकर गजभिये आले. नगरपालिकेत पाण्याच्या टाकीवर काम करणारे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांच्या पत्नी सुमनबाई कावीळ होऊन गेल्या होत्या. सुमनबाईंना मी ओळखत होते. संत्र्याच्या हंगामात त्या बगीच्यात फळं निवडायला जायच्या आणि लग्नसराईत आचाऱ्याबरोबर पुऱ्या लाटायला. दोघांना मूलबाळ नव्हतं. सुधाकररावांचा फोन बटणांचा. लग्नातला एक फोटो होता, तो वाळवीनं खाल्ला. आधार कार्डावर तेवढी एक काळी सावली होती, डोळे अर्धे मिटलेली.

पण ते काळजीत दिसत नव्हते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चार दिवसांवर होता. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांजवळ तिचा फोटो ठेवायचा, मेणबत्ती लावायची. माझ्याकडे चौकट निवडून झाली, मग आम्ही दोघं स्टुडिओत गेलो.

"भाऊ, तुमच्यापाशी तर ती पोत्यानं असन," सुधाकरराव म्हणाले. "घरी येऊन मले सांगे, आजबी वसंतभाऊ कढईपाशी आले होते शूटिंग कराले. हरेक लग्नात. एखादा हसता पाहा. हसे ती चांगली."

वसंतभाऊंचा चेहरा मी पाहिला. राखेसारखा झाला होता. खरं सांगून टाकावं की नाही त्यांनी? ते म्हणाले, "परवा या, काढून ठेवतो." सुधाकरराव गेल्यावर ते खुर्चीत बसले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. मी म्हटलं, "आता बसून का होते? पूर्वी लोकांले डीव्हीडी देत होते ना? त्यात पंगत असे."

खरंच असायची. त्या काळी लोक पंगत पाहायचे, आपल्याकडे कोण कोण जेवून गेलं ते मोजायला. वसंतभाऊंनी मोटरसायकल काढली. सुमनबाईंचा आचारी ज्या ज्या लग्नांत होता, त्या घरांची दारं त्यांनी वाजवली. कोणाकडे डीव्हीडी हरवली होती, कोणाकडे लेकरांनी चाक करून फिरवली होती. एका बाईनं तर तोंडावर सांगितलं, "तुमच्यापाशी वर ठेवली आहे ना, मग आमच्या घरी कायले शोधता?"

तिगावच्या विनोद धोटेच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग वसंतभाऊंनी सौंसरला केलं होतं. विनोद त्यांना शेतात घेऊन गेला. मक्याच्या कडेनं दोऱ्या बांधल्या होत्या आणि पोपटांना पळवायला त्यांवर डीव्हीड्या लटकवल्या होत्या. वसंतभाऊंनी एक हातात घेतली. मागून आरपार दिसत होतं, चकाकी सोलून गेली होती. कडेला त्यांच्याच अक्षरात नवरा-नवरीचं नाव होतं. हे त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं.

पण विनोदच्या आईनं त्याच लग्नाची एक डीव्हीडी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून शालूच्या खाली ठेवली होती. तीन भागांतला दुसरा भाग, पंगतीचा. म्हातारीनं ती दोनदा बजावून दिली, परत आणून द्या म्हणून.

ठरल्या दिवशी दुपारी सुधाकरराव आले. वसंतभाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. प्लॅन बंद झाला, जागा संपली, मी पुसलं. सुधाकररावांनी ऐकून घेतलं. त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे. "पण एक तर आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

जुन्या कॉम्प्युटरनं डीव्हीडी घरघरत ओढून घेतली. पंगत आली. अनोळखी माणसं, द्रोण, वाढपी, वरणाची बादली. मग मांडवाचा मागचा भाग, चुलाण, धूर. आणि कढई. मोठी, काळी, तेलानं भरलेली. तेलात पुरी पडली, फुगली, उलटली. दुसरी पडली. कढईच्या कडेला पोळपाट होता आणि त्यावर दोन हात, हिरव्या बांगड्यांचे, पुरी लाटणारे. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग.

"हात तिचाच होय," सुधाकरराव म्हणाले आणि पुढे सरकले.

आम्ही वाट पाहत होतो. कॅमेरा पुरीवरच होता. पुरी फुगते कशी, सोनेरी होते कशी, तेल तडतडतं कसं. वसंतभाऊंना तेवढंच हवं होतं तेव्हा. पुरी फुगली की पंगत सुंदर दिसते. हात येत होते, लाटत होते, जात होते. वर खांदे असतील, मान असेल, चेहरा असेल. तो चौकटीच्या वर राहिला होता. मग कुठूनतरी वरून आवाज आला, बाईचा, जरा हसरा.

"भाऊ, थोडे मांगं सरका ना. तेल उडते."

आणि कॅमेरा मागे सरकला. मागे सरकला, पण वर झाला नाही. पुढच्या क्षणी स्क्रीनवर जिलेबीचं ताट आलं.

वसंतभाऊंनी न सांगताच ती जागा परत लावली. भाऊ, थोडे मांगं सरका ना. पुन्हा लावली. पुढचा सगळा भाग पाहिला, शेवटच्या आइस्क्रीमपर्यंत. ती कुठेच नव्हती. बाकीच्या लग्नांत वसंतभाऊंनी एकदा तरी कॅमेरा वर केला होता का? ते स्वतःही सांगू शकत नव्हते. त्यांना आठवत होत्या त्या पुऱ्या.

मी काचेवरची धूळ पुसल्यासारखं करत उभी राहिले. चौकट माझ्या दुकानात तयार होती आणि तिच्यात आता आधार कार्डावरची ती सावली जाणार हे मला कळून चुकलं होतं. गेलीही तीच. मोठी केल्यावर तिचे नुसते चौकोन झाले. निळं आभाळसुद्धा तिला वाचवू शकलं नाही.

पण त्या दुपारी सुधाकररावांनी डीव्हीडी अजून एकदा लावायला सांगितली. कढई आली. हात आले. आवाज आला. त्यांनी वसंतभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, पाण्याच्या टाकीवर कोणाला तरी नळ थोडा सोडायला सांगावं तसं म्हणाले, "भाऊ, जरासा वर करा ना कॅमेरा."

वसंतभाऊंचा हात माउसवर होता. त्यांनी तो खरंच वर सरकवला. पडद्यावरचा बाण कढईवरून वर गेला, हातांवरून वर गेला आणि काळ्या कडेला जाऊन थांबला.