पुढे कोणी उभं राहू नका

हसणार नसाल तर सांगतो. हसाल, ते मला माहीत आहे. पण निदान हातातला कप खाली ठेवून हसा. मागे हेच मी आमच्या साडूंना सांगितलं, तर चहा त्यांच्या नाकातून आला, आणि बायको चिडली कोणावर? माझ्यावर! चादर नवी होती म्हणे.

तर मुलुंडला आमच्या सोसायटीत, इमारतीखाली खांबांमधल्या माझ्या पार्किंगच्या जागेत, मी आणि परब मिळून एक गाडी बांधत होतो. दुरुस्त करत नव्हतो, बांधत होतो. सांगाडा अंधेरीच्या एमआयडीसीतून वेल्डिंग करून आणलेला, चाकं कुर्ल्याच्या भंगारातली, आणि इंजिन एका छोट्या गाडीचं, जिचं बाकी काही शिल्लक राहिलं नव्हतं.

परब तिसऱ्या मजल्यावर राहतो. बँकेतून निवृत्त झाला, मूळचा मालवणचा. त्याला आयुष्यात कधीही, कशाचीही शंका आलेली नाही. मी बरोबर उलटा. घराला कुलूप लावून लिफ्टपाशी आलो की मी परत जातो आणि कुलूप ओढून बघतो. मग लिफ्टमध्ये वाटतं, ओढताना निघालं तर नसेल? आम्हा दोघांची मैत्री कशी टिकली, देव जाणे. बहुधा एकाने नट घट्ट करायचा आणि दुसऱ्याने तो झाला की नाही ते बघत बसायचं, अशी वाटणी झाली म्हणून.

शनिवार उजाडला की आमच्या घराचं गॅरेज व्हायचं. कार्बोरेटर बेसिनमध्ये धुतला जायचा. बेअरिंग ओव्हनमध्ये गरम व्हायचं, आणि पुढचा आठवडाभर केकला ग्रीसचा वास यायचा. स्क्रू श्रीखंडाच्या डब्यांत, वॉशर मुखवासाच्या डबीत. एकदा पाहुण्यांनी ती डबी उघडली. जाऊ द्या.

सुनंदा, म्हणजे आमची ही, म्हणायची, "अहो, लोकांचे नवरे रविवारी मटार सोलतात."

"वहिनी, गाडी झाली की तुमका जुहूक घेऊन जातंव," परब म्हणायचा.

"भावोजी, ती होईपर्यंत जुहूच इथे येईल."

पण ती डबे काही परत मागायची नाही. तिलाही ठाऊक होतं. शनिवार-रविवार काढून घेतले, तर माझ्याकडे उरतं काय? सोमवार ते शुक्रवार! आणि तेही निवृत्त माणसाचे!

मग आल्या राणेबाई. आमच्या सोसायटीच्या नव्या सेक्रेटरी. बाई सरळ, पण बोलणं असं की समोरच्याने आपोआप हात मागे बांधावेत.

"सर, हे काय आहे?"

"गाडी."

"गाडी चालते. हे उभं आहे. लोक मला विचारतात, सरांच्या जागेत सामान कसं चालतं, मग आमच्या जागेत आमचं जुनं कपाट का नाही? काय सांगू?"

मला तर कपाटवाल्याचं म्हणणंही पटायला लागलं होतं.

शेवटी बाईंनी निकाल दिला. येत्या रविवारी कमिटी खाली येईल. गाडीने कोणी न ढकलता, स्वतःच्या इंजिनवर गेटपर्यंत जाऊन परत यायचं. आली तर ती गाडी. नाही आली तर ते सामान, आणि सोमवारी भंगारवाला.

"झकास!" परब म्हणाला. मी मात्र त्याच संध्याकाळी पाना उचलला.

काय काय नाही बघितलं मी त्या आठवड्यात! प्रत्येक नट घट्ट करून त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. मग ठिपके तपासले. ब्रेक दाबून बघितले, पेट्रोलच्या नळीखाली कोरा कागद ठेवून थेंब पडतो का बघितलं. आग लागली तर म्हणून वाळूच्या बादल्या आणल्या. आगीची, स्फोटाची, चाक निखळण्याची, सगळ्याची काळजी केली. उरली ती एकच गोष्ट.

शनिवारी शेवटची चाचणी. गाडीची मागची बाजू लोखंडी घोड्यांवर चढवली, म्हणजे चाकं अधांतरी. इंजिन मागे होतं, ताकद मागच्याच चाकांना. सुनंदाला आत बसवून क्लच दाबायला सांगितलं, इंजिन सुरू केलं आणि पहिला गिअर घातला. मी गाडीच्या डावीकडे, परब उजवीकडे.

"सोड गं!" मी ओरडलो. तिने हळूच क्लच सोडला.

फिरली! चाकं फिरली हो! इतकी वर्षं जमिनीला चिकटलेली चाकं पंख्यासारखी भिरभिरली. माझे डोळे भरून आले.

"बघ, घड्याळाच्या काट्यांसारखं कसं फिरतंय!" मी म्हणालो.

"खय? उलटा फिरता हा," पलीकडून परब.

"उलटं कसं? मी बघतोय ना इथून."

"माका काय डोळे नाय? घड्याळाच्या उलटा!"

आणि इथे, मित्रहो, माझं शिक्षण आडवं आलं. मी परबला बसवलं आणि समजावून सांगितलं, की आपण गाडीच्या दोन बाजूंना उभे आहोत. एकच फिरणं एका बाजूने सुलटं दिसतं, दुसऱ्या बाजूने उलटं. मी त्याला हातात चहाची बशी देऊन दाखवलं. अलीकडून बघ, आता पलीकडून बघ. म्हणजे मीही बरोबर आणि तूही बरोबर!

"वा! म्हणजे दोघांचाय बरोबर!" परब खूश.

"मी क्लच परत दाबलाय, किती वेळ धरून ठेवू?" सुनंदा आतून.

दोघंही बरोबर होतो. त्या आनंदात आम्ही इंजिन बंद केलं आणि वडापाव मागवला. दोघंही बरोबर असलो तरी गाडी जाणार कुठल्या दिशेला, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

रविवार उजाडला. गाडीचं तोंड गेटकडे, पाठ पंपरूमच्या भिंतीकडे. तिथे जमिनीला पाणी वाहून जायला भिंतीकडे थोडा उतार. राणेबाई आल्या, खजिनदार आले, कमिटीतले आणखी तिघे आले. कोणीतरी टेबल लावलं, चहा आणि बटाटेवडे आले. सोसायटीत कुठलीही गोष्ट वड्यांशिवाय होत नाही.

सगळे गाडीसमोर गर्दी करून उभे! ब्रेक नाही लागला तर? मी हात जोडून म्हणालो, "कृपा करा, पुढे कोणी उभं राहू नका! सगळे मागे या, मागे!"

आणि स्वतः मी, या हातांनी, टेबल-खुर्च्यांसकट अख्खी कमिटी गाडीच्या मागे नेऊन उभी केली. खडूने रेघ मारली. "या रेघेच्या पुढे येऊ नका, म्हणजे अगदी सुरक्षित." राणेबाईंना मधली खुर्ची दिली. मान म्हणून.

परब गेटच्या बाजूला उभा राहिला. मी बसलो. इंजिन सुरू केलं. पहिला गिअर घातला, नीट चाचपून बघितला, आणि क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

मागून किंचाळ्या! मी ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं.

"अरे डॉक्टर, पुढे घे रे!" परब ओरडला.

"पुढेच घेतोय!"

"खयचो पुढे? मागे जातस मेल्या!"

मला घाम फुटला. मनात म्हटलं, गिअरच्या दांड्याची जोडणी चुकली असणार. पहिला समजून मी रिव्हर्स घातला असेल. मग काय करायचं? सोपं आहे, दुसरा घालायचा! जगात कुठल्याही गाडीचा दुसरा गिअर मागे जात नाही. इंजिन परत सुरू केलं, घातला दुसरा, जरा जास्त रेस दिली.

गाडी दुप्पट वेगाने मागे गेली!

काय तो आवाज! खुर्च्या पडल्या, टेबल उलटलं, वडे चारी दिशांना. खजिनदार एरवी गुडघ्याच्या दुखण्यामुळे मीटिंगला उभे राहत नाहीत. ते उडी मारून कठड्यावर चढले. मी पूर्ण जोर लावून ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी थांबली.

मी मान वळवून बघितलं.

राणेबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. एका बाजूला टेबल, दुसऱ्या बाजूला एकमेकांत अडकलेल्या खुर्च्या, आणि पुढ्यात, गुडघ्यांपासून बोटभर अंतरावर, माझ्या गाडीचा तापलेला सायलेन्सर. हातात कप तसाच. बाई हलू शकत नव्हत्या. टेबलाचा एक पाय चाकाखाली अडकलेला, त्यामुळे तेही निघेना.

"ढकला पुढे!" कठड्यावरून खजिनदार.

"हात लावू नका!" मी ओरडलो. "उतार आहे! हँडब्रेक सुटला तर गाडी बाईंवर जाईल!"

आता सगळा भार त्या हँडब्रेकच्या तारेवर. ती तार मीच बसवली होती. म्हणजे तिच्यावर माझा किती विश्वास असेल, विचार करा.

इंजिनवरच गाडी पुढे न्यायला हवी होती. पण कुठल्या गिअरवर? पहिला मागे गेला, दुसरा मागे गेला. तिसरा घालून बघू? आणि तोही मागे गेला तर बाईंचे पाय!

"सर," राणेबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत, आणि त्यामुळे जास्तच भयंकर. "काय करताय?"

"विचार."

"जरा लवकर करता का?"

आणि त्या घामात मला शनिवार दिसला. मी डावीकडे उभा होतो. डावीकडून गाडीकडे बघितलं, की तिचं तोंड आपल्या डाव्या हाताला. चाक तिकडे पुढे पळायचं असेल, तर ते घड्याळाच्या उलट फिरायला हवं. मला दिसलं होतं काट्यांसारखं. परबला उजवीकडून दिसलं उलट. दोघंही बरोबर होतो! दोघांनीही डोळ्यांनी बघितलं होतं, की गाडी मागे पळतेय! वर मी त्याला बशी धरून समजावलं होतं!

मग कारणही आठवलं. मूळ गाडीत ते इंजिन पुढे होतं. आम्ही ते मागे नेलं, आणि सायलेन्सरचं तोंड मागच्या बाजूला यावं म्हणून गिअरबॉक्ससकट अख्खं फिरवून बसवलं. यंत्र फिरवलं, चाकांची दिशा फिरली. पुढे जायचे होते तेवढे सगळे गिअर मागे गेले. आणि पुढे जाणारा उरला एकच.

"बाई," मी म्हणालो, "मी आता रिव्हर्स घालतोय."

एकदम कल्लोळ!

"सर, वेडे झालात का?"

"अहो, नको!" ही बादली घेऊन धावत आली.

"मेल्या, बाईचो जीव घेशील!" परब.

"बाई, माझ्यावर विश्वास ठेवा," मी म्हणालो.

"तुमच्यावर?" राणेबाई म्हणाल्या. "मला इथे कोणी उभं केलं?"

मी डोळे मिटले. खोटं कशाला बोलू, मिटले. रिव्हर्स घातला. एक पाय ब्रेकवर, एक क्लचवर, आणि क्लच केसभर केसभर सोडू लागलो. इंजिन गुरगुरलं. गाडी ताणली गेली. मी ब्रेक सोडला, हँडब्रेक सोडला.

गाडी पुढे गेली!

पण परबने हौसेने रिव्हर्सला धून बसवली होती, ती मी विसरलोच होतो. गाडी पुढे निघाली आणि तिच्या पाठीतून मोठ्याने टिंगटँग टिंगटँग सुरू झालं, मागचे पांढरे दिवे लागले. ती धून ऐकून आमचा वॉचमन यादव सवयीने धावत आला, गाडीच्या मागे उभा राहिला आणि हात हलवत ओरडू लागला, "आने दो, आने दो!" गाडी त्याच्यापासून लांब चाललेली, तरी तो, "आने दो सर, बहुत जगह है!"

अशा थाटात आम्ही गेटला पोचलो. गोगलगाईच्या वेगाने, धून वाजवत. गेटपाशी मी थांबलो, पहिला गिअर घातला आणि मागे मागे येत जागेवर आलो. या वेळी मागे कोणीही नव्हतं. समोरही नव्हतं. खजिनदार कठड्यावरच, आणि बाकीची अख्खी कमिटी जिन्यात उभी होती.

राणेबाई पुढे आल्या. साडीवर चटणी, केसांत कोथिंबीर. मी उतरलो. म्हटलं संपलं. भंगारवाला सोमवारी कशाला, आजच येईल.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "परबची नाही."

"माझी कशी असतली?" परब म्हणाला.

राणेबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "गेटपर्यंत गेली?"

"गेली."

"परत आली?"

"आली."

"कोणी ढकलली नाही. तोंड कुठे करून जायचं, ते मी सांगितलं नव्हतं. राहू दे." मग कठड्याकडे वळून, "खजिनदार, उतरा आता."

परबने मला मिठीच मारली. सुनंदा बादलीवर बसली आणि रडत रडत हसू लागली. मी सुटकेचा श्वास घेतो न घेतो, तोच राणेबाई जाता जाता वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, खरंच कुतूहल होतं.

"सर, इतकी वर्षं आम्ही तुम्हाला सर सर म्हणतो. पण कॉलेजात तुम्ही नक्की शिकवायचात काय?"

आता तुम्ही आपले म्हणून सांगतो, मुलुंडमध्ये बोलू नका. मी गिअर शिकवायचो. जन्मभर तेच. माझी डॉक्टरेट गिअरची, भिंतीवर लावलेली पदकं गिअरची, आणि नापास केलेली पोरंही गिअरमध्येच केलेली.

अख्खी कमिटी कान टवकारून उभी होती. हिने डोळे पुसत उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी घाईघाईने पुढे झालो आणि म्हणालो,

"मराठी."