सुलिएती आत्याने सालीवर काढलेलं नाणं

आमची सुलिएती आत्या गेली. झाडाच्या सालीचं कापड करावं तर तिनेच. घरचे म्हणून नाही सांगत, अख्ख्या वावाउ बेटावर विचारा.

तिचे वडील सांगायचे, आपल्या झऱ्यावर पूर्वी लांब देशाचे गलबतवाले पाणी भरायला उतरायचे. गाव हसायचं. थापाड्या असं नाव पडलं त्यांचं, आणि ते नाव घेऊनच गेले बिचारे. आत्याच्या मनाला ते फार लागलेलं.

मग तिचा भाऊ हानितेली झऱ्यापाशी कोनफळं लावायला खणत होता, तर त्याला एक काळी चकती सापडली. त्याने आणून बहिणीपुढे ठेवली, आमच्यात बहिणीचा मान पहिला. वाळूने घासू का म्हणाला. आत्या म्हणाली, "हात लावून तर बघ."

हानितेलीची पोरगी सिलिया ऑकलंडला असते. तिला फोटो धाडला, तिने जुन्या नाण्यांच्या दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, झिजलंय, काळं पडलंय, काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी बायका कापड करायला लांब फळीच्या दोन्ही बाजूंनी बसलेल्या. शेजारची पिसिला म्हणाली, "अगं सुलिएती, बटण आहे ते. कुण्या पाद्र्याच्या कोटाचं."

"बटणाला भोक असतं, पिसिला. तुझ्या डोक्याला आहे तसं."

बायका खो खो हसल्या. पण आत्याचं तोंड उतरलं. बटण निघालं असतं तर वडील कायमचे थापाडे.

आम्ही नक्षीच्या पाटावर साल पसरतो आणि वरून रंगाचा बोळा चोळतो, खालची नक्षी वर उमटते. रोजचंच काम. आत्याच्या काय मनात आलं, तिने पाट सरकवला, तिथं नाणं ठेवलं, सगळ्यात पातळ साल त्यावर ताणून धरली आणि सुकत आलेला बोळा हळूहळू फिरवायला लागली. बायका फळीवरून वाकून बघायला लागल्या. आधी लाटा आल्या. मग दोन खांब, त्यांवर मुकुट. मग खाली आकडे.

त्या सालीचा फोटो गेला आणि संध्याकाळी सिलियाचा फोन. "आत्या, चांदी आहे! मेक्सिकोत पाडलेली, स्पेनच्या राजाची. सतराशे अडुसष्ट साल!"

"गलबतावरची?"

"स्पेनच्या गलबतांवर हीच नाणी असायची म्हणतोय दुकानदार."

आत्याने मानाच्या वेळी बांधतात ती चांगली चटई कमरेला बांधली आणि निघाली ती थेट वडिलांच्या कबरीपाशी. "बाबा! स्पेनवाले होते ते! ऐकलंत का?" रस्त्यावरची माणसं थांबली. पिसिलाने खिडकी उघडली. आत्या तिकडं वळून म्हणाली, "बरं झालं, तूही ऐकलंस!"

आता आत्या तिथंच आहे, वडिलांच्या शेजारी. मातीला पिसिला रीतीप्रमाणे चटया घेऊन आली, खूप रडली. आणि ऑकलंडच्या पाहुण्यांना सांगत होती, "नाणं ओळखलं ना, तेव्हा मी तिच्या समोरच बसले होते."