गरम मिस्त्रींनी पाहिलेला बर्फ

गरम मिस्त्रींना राग यायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालंच तर तो राग दिवसभर पुरायचा. भिलाईच्या कारखान्याचे पाये भरले जात होते तेव्हा ते एका ठेकेदाराकडे ढलाईचे, म्हणजे काँक्रीट ओतण्याचे, मिस्त्री होते आणि मी त्याच ठेकेदाराच्या ऑफिसात टायपिस्ट. ‘गरम मिस्त्री’ हे नाव मजुरांनी ठेवलेलं. मी नागपूरचा, ते भंडाऱ्याकडचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. खुर्सीपारकडे एका टिनाच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. चहात साखर कमी पडली की कप आपटणारा हा माणूस. पण एखाद्या मजुराची बायको बाळंत झाली की गूळ घेऊन पहिला हाच जायचा, आणि तिच्या नवऱ्याला चार शिव्या घालूनच परतायचा.

सिमेंटच्या बाबतीत मात्र त्यांचा राग खरा होता. “सिमिट म्हंजे लेकरू हाये, बाबू. पयले सात दिवस त्याले पाणी पाज, मंग ते तुले जलमभर उचलते,” असं ते मला सांगायचे. ढलाई झाली की त्याच संध्याकाळी स्वतः पोती अंथरून ती भिजवायचे. भिलाईच्या उन्हात हे अगदी बरोबर होतं. दुपारी एखादं पोतं वाळलेलं सापडलं तर तिथल्या माणसाची धडगत नसे.

कारखान्यावर तेव्हा रशियन तज्ज्ञ होते. त्यांच्यातल्या एकाने एकदा आपल्या गावाचा फोटो दाखवला. छपरांवर हात हात बर्फ. आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. मामांनी दुभाष्याला विचारलं, “इतक्या थंडीत हे लोक ढलाई कशी करतेत, ते विचार.” रशियन खूश झाला. म्हणाला, तणसाने झाकतो, खाली शेगड्या ठेवतो; ओला माल एकदा गोठला की तो मेला, फोडून फेकावा लागतो. मामांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि “आपल्याले काय करा लागते त्याचं” म्हणत कामाला लागले.

त्या हिवाळ्यात ठेकेदाराला मैकलच्या डोंगरात, एका उंच पठारावर काम मिळालं. खनिज शोधणाऱ्या तुकडीचा कॅम्प होता, तिथे पाण्याची टाकी बांधायची होती. मामांबरोबर मलाही टाइपरायटर घेऊन तिकडे पाठवलं. विटांच्या चार खांबांवर स्लॅब आणि स्लॅबवर टाकी. खालच्या सावलीत मजुरांच्या बायका चुली मांडणार, पोरं तिथेच खेळणार, हे उघड होतं. रविवारी वरचे साहेब पाहणीला येणार म्हणून घाई चालली होती. बुधवारी स्लॅब पडली आणि मामांनी रिवाजाप्रमाणे पोती अंथरली. वारा असा की बोटं वळत नव्हती. पाणी आणणारा मजूर कुरकुरला, तेव्हा त्याला शिव्या देऊन मामांनी आणखी दोन बादल्या ओतायला लावल्या.

सकाळी मी तंबूबाहेर आलो तर गवत पांढरं. उतारापर्यंत, झाडांच्या बुंध्यांपर्यंत सगळं पांढरं. मामा अनवाणी उभे होते. मूठभर उचलून त्यांनी जिभेवर ठेवलं आणि हसले. सहा महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. “बाबू, बर्फ पाय. इथं, आपल्या मुलखात. घरी कोणी खरं नाई मानणार.” पाणी भरणारी बाई जाता जाता म्हणाली, “पाला परे हे, मिस्त्री,” आणि शेकोटीकडे गेली. तिच्या बोलीत पाला म्हणजे गोठलेलं दव; पण पाला म्हणा नाहीतर काही म्हणा, आमच्यासाठी तो बर्फच होता. मीही दोन्ही हात भरून घेतले.

मग मामांचा चेहरा बदलला. ते स्लॅबकडे धावले, मागोमाग मी. पोती लाकडाच्या फळ्यांसारखी ताठ झाली होती. एक ओढून काढलं तर खालचा माल त्याच्याबरोबर सोलून आला. मामांनी नख मारलं, नख आत गेलं. “म्याच मारलं याले,” ते म्हणाले. “माह्याच पाण्यानं.”

ठेकेदाराचे इंजिनिअर साहेब नऊ वाजता उठून आले, तोवर उन्हाने डोंगर धुऊन काढला होता. मामांनी चूक आपल्या अंगावर घेतली आणि स्लॅब फोडायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, “यहाँ बर्फ नहीं गिरती, मिस्त्री. रात को पी थी क्या? ऊपर से प्लास्टर मार दो.” दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. आज लिहितानाही माझं डोकं तापतं. त्या हलकटाला स्लॅबची अवस्था दिसत नव्हती असं नाही, त्याला रविवार दिसत होता.

“बाबूले विचारा. त्यानं पायलं,” मामा म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी कच्ची होती. मी म्हणालो, “थोडी ओस थी, साब.” नुसतं दव. साहेबांवर चिडणं सोपं आहे, ते मी आयुष्यभर केलं. पण त्या सकाळी सगळ्यात नीच तिथे मी होतो.

मामांनी माझ्याकडे पाठ केली. साहेबांना एवढंच म्हणाले, “मेलेल्याले नवे कपडे घालून उभं करू काय? खाली लेकरं बसतीन.” आणि घण उचलला. तिसऱ्या घावाला कोपरा भुगा होऊन खाली पडला. साहेब ओरडत राहिले आणि मामा सगळी स्लॅब उतरेपर्यंत थांबले नाहीत. मग त्यांनी नवी ढलाई केली, तणसाने झाकली, खाली शेगड्या लावल्या आणि चार रात्री तिच्याजवळ बसून काढल्या. पाहणी पुढे ढकलावी लागली. नंतर वरच्या साहेबांनी इतकी काळजी घेतल्याबद्दल शाबासकी दिली, ती इंजिनिअर साहेबांना, आणि त्यांनी ती हसून घेतली.

मामांना काढून टाकल्याचं पत्र मीच टाइप केलं. साहेबांनी सांगितलं तसं, इंग्रजीत. संध्याकाळी मामा ते घेऊन माझ्याकडे आले, वळकटी खांद्यावर होती. भिलाईकडे जाणारा ट्रक सुरू होऊन उभा होता. “काय लिवलं हाये, वाच,” म्हणाले.

मी मराठी करून वाचलं. हुकूम मोडला, तयार काम फोडलं. शेवटची ओळ अशी होती की त्या सकाळी बर्फ पडला नव्हता, टायपिस्टची तशी साक्ष आहे.

“शेवटचं अजून एकडाव वाच,” मामा म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

मी वाचलं. तेच वाचलं.