डिलाईल रोडवरची इटालियन क्रियापदं

आमची पलटण परदेशात शांतिमोहिमेवर होती. मी सुभेदार, पोस्ट चारचा कमांडर. डोंगरापलीकडे इटालियन तुकडीचा दवाखाना. सकाळी सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर, आठला गस्त, दुपारी पाण्याचा ट्रक. सहा महिने शेजारी राहून मला 'चाओ'पलीकडे इटालियन आलं नाही. गरज काय, असा माझा तोरा होता.

१४०५ ला, म्हणजे दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी, रेडिओ वाजला.

"पोस्ट चार, पाण्याचा ट्रक दरीत. कॅज्युअल्टी एक, नाईक प्रकाश. इटालियन मेडिक पोचलेत. ओव्हर."

"रॉजर. येतो. आऊट."

प्रकाश डिलाईल रोडचा, मी काळाचौकीचा, दोघंही मुंबईच्या गिरणगावातले. पण चार्ज, म्हणजे पोस्टचा ताबा, दुसऱ्याला दिल्याशिवाय पोस्ट सोडायची नाही, हा नियम. हवालदाराला दारूगोळा मोजून दिला, रजिस्टरवर दोघांच्या सह्या घेतल्या. १४३० ला निघालो, १४५० ला पोचलो. प्रकाशवर ब्लँकेट होतं. मेडिक मार्को माझ्याशी बराच वेळ बोलला. मला ओ की ठो कळलं नाही. मी मान हलवली, कागदावर सही केली आणि प्रकाशच्या बायकोला आमच्यात सगळेच लिहितात तसं लिहिलं: जागीच गेला, त्रास झाला नाही.

यंदा, मी रिटायर झाल्यावर, मार्कोचा निरोप आला. प्रकाशच्या बायकोशी बोलायचंय.

शुभांगी वहिनी म्हणाल्या, "मोबाईल भाषांतर करतो, ठाऊक आहे मला. पण यांच्या मरणाचं मशीनकडून नको ऐकायला. भावोजी, तुम्ही शिका."

दादरला क्लास लावला. सगळे टूरवाले. पहिला आठवडा खाणे, पिणे, खरेदी करणे. मी विचारलं, "मॅडम, मरणे कधी?"

"काका, ते पुढच्या लेव्हलला!"

वर्ग हसला. माझं डोकं फिरलं. शब्दकोश घेऊन स्वतःच यादी केली. श्वास घेणे, रेस्पिरारे. बोलणे, पार्लारे. हाक मारणे, किआमारे. रोज संध्याकाळी वहिनी वही धरून माझी परीक्षा घ्यायच्या. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतःवरच भडकायचो. एवढी दहा क्रियापदं तिकडे सहा महिन्यांत आली नसती?

रविवारी १६०० ला वहिनींच्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावला. मार्को सावकाश बोलला. प्रकाश चाळीस मिनिटं जिवंत होता. "रेस्पिरावा... पार्लावा..." प्रत्येक शब्द मला कळत होता, आणि कळतो म्हणून संताप येत होता.

"वहिनी, तो म्हणतो, त्रास झाला नाही."

"भावोजी, खोटं नको. वही मी धरत होते. हे श्वास घेत होते, बोलत होते. पुढे सांगा."

पुढे मार्कोनेच प्रश्न केला. प्रकाश ज्याला सारखी हाक मारत होता, तो सुबेदार-साब कोण?

"मी," मी म्हणालो.

मग वहिनींना चार्जचा नियम सांगितला. दारूगोळा न मोजता निघालो असतो तर १४२५ ला, प्रकाश जिवंत असतानाच पोचलो असतो. नियम लिहिणाऱ्याला नाही, सह्या घेत बसलेल्या स्वतःला मी त्यांच्यासमोर शिव्या घातल्या.

वहिनी रडल्या नाहीत. "किती वेळ हाक मारत होते, विचारा."

मी विचारलं. क्रियापद बरोबर आलं.

"फीनो आल्ला फीने," मार्को म्हणाला.

नाईक प्रकाश, वय एकतीस, मला शेवटपर्यंत हाक मारत होता. या वेळी मी वहिनींना तसंच सांगितलं.