दारासमोरची खुर्ची

मनोहरच्या घरून सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी बाहेर निघायला चपला घालत होतो. “भाऊजी, गेले हो हे…” एवढंच त्या बोलल्या. एक चप्पल पायात, एक तशीच खाली, आणि मी पायरीवर बसून राहिलो. महिना होत आला, पण चपला घालताना अजून हात थबकतो.

डॉ. मनोहर म्हणजे मौदा गावच्या शाळेपासूनचा माझा मित्र. नंदनवन वस्तीत त्याचा साधा दवाखाना. पेशंट चपला दाराबाहेर काढून आत यायचे आणि मनोहरची खुर्ची बरोबर त्या दारासमोर. तिथे पंखा लागायचा नाही, मे महिन्यात झळा थेट तोंडावर, तरी गडी खुर्ची हलवेल तर शपथ! मी चिडवायचो, “काहून गा, लोकायच्या चपला राखून राहिला का?” तो म्हणायचा, “माणूस पाहून राहिलो. आत आला का तो मले ‘बरा आहो’ म्हणून सांगते. बाहेर चप्पल काढताना खोटं बोलता येत नाही.” कोण भिंत धरतो, कुणाला वाकलं की धाप लागते, कुणाच्या पायातून चप्पल निसटते नि त्याला पत्ताही नसतो… सगळं तो बसल्या जागेवरून टिपायचा.

एका संध्याकाळी गप्पा मारून मी निघालो. उजवी चप्पल काही केल्या पायात जाईना. मी स्वतःशीच हसत होतो, तोवर समोरचा पेशंट तसाच सोडून मनोहर दारात आला. “दोन्ही हात वर कर.” उजवा हात आपोआप खाली येऊ लागला. “गाडीत बस,” एवढंच म्हणाला आणि स्वतः गाडी चालवत मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. लकव्याचा झटका होता; वेळेत पोचलो म्हणूनच हे उजव्या हातानं लिहितो आहे. त्या दिवसानंतर मित्रावरच्या प्रेमात थोडं भय मिसळलं. इतकं पाहणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

यंदा दिवाळीनंतर गेलो, तर तो एका आजीला दारापर्यंत सोडून परत फिरत होता. त्याचा डावा पाय किंचित घासत होता.  मी म्हणालो, “मनोहर, गाडीत बस.”

तो मग हसला. “दिसलं तुले? शिकला गा तू… मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो मी. डोक्यात गाठ आहे, काढण्यासारखी नाही.” मला हुंदका आवरेना. त्यानं खांद्यावर हात ठेवला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “आता जरा बाजूले हो. पुढचा पेशंट येऊन राहिला, तुह्यामुळं मले दिसत नाही.”

आता तिथे त्याची डॉक्टर पुतणी बसते. खुर्ची तिनं हलवलेली नाही. परवा रक्तदाब दाखवायला गेलो. दाराबाहेर भिंतीचा आधार न घेता, ताठ उभं राहून, आधी उजवी चप्पल काढली, मग डावी. क्षणभर तसाच थांबलो… पाहून घे गा, मनोहर. मग मागे कुणीतरी आल्याची चाहूल लागली आणि मी बाजूला झालो.