तुरीत लपलेली माणसं
तुरीच्या ओल्या पाल्याचा उग्र वास आला की आणीबाणीतली ती संध्याकाळ आठवते. अनसिंगजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत मास्तरांनी 'आणीबाणीने आम्हाला काय दिले' असा निबंध लिहायला सांगितला होता. मी रोज बघत होते तेच लिहिलं : नसबंदीची जीप आली की माझा बाप आणि गल्लीतले पुरुष नाल्याकाठच्या तुरीत लपतात. वाचता वाचता मास्तर उठले आणि त्यांनी वर्गाचं दार लावलं. "पोरी, हे कोनाले दाखोलं तं नाई नं?" नसबंदीला माणसं आणून दिली नाहीत तर मास्तरांचा पगार बंद होणार, हे गावभर माहीत होतं. बापाचा पत्ता मीच देऊन बसले होते. संध्याकाळी बापासाठी भाकर घेऊन गेले, तर माझ्या पुढेच मास्तर वाकून तुरीत शिरत होते. बाप विळा घेऊन उठला. "कायले आले?" मास्तर मटकन खाली बसले. "मले बी लपू द्या, भाऊ. मानसं नाई भेटली, तं आता मलेच नेऊन राह्यले." रस्त्यावरून जीप निघून जाईपर्यंत कोणी हललं नाही. पुढे मीही शिक्षिका झाले. एखाद्या पोराने निबंधात घरातलं खरं लिहिलेलं दिसलं, की मी आधी उठून वर्गाचं दार लावून घ्यायची.